बाईसाहेबांच्या नाचाच्या अल्बमवर गुरुजींचा अभिप्राय

बाईसाहेबांनी साठीला टेकता टेकता नाचाचा अल्बम काढला, ही बातमी दादाला हॉस्पिटलच्या जिन्यात कळली. ऐकल्यावर त्याने सगळ्यात आधी कठडा घट्ट धरला.

बाईसाहेब म्हणजे ती गायिका, जिच्या आवाजावर दादाचं सगळं तरुणपण पोसलं गेलं होतं. तिचं खरं नाव पोस्टरवर असे. चाहत्यांत ती बाईसाहेब. गाणी संथ, उदास, आणि त्यांत एक गोष्ट अशी, जी दुसऱ्या कुणाला साधली नव्हती. तिला थांबता यायचं. शेवटच्या ओळीच्या आधी ती अशी काही थांबायची की वाटावं, आता ही गाणं पुरं करत नाही, पर्स उचलून घरी जाते. लहानपणी दादा आणि त्याची धाकटी बहीण एकाच इअरफोनचं एकेक टोक कानात घालून पलंगाखाली बसायचे. बाईसाहेब थांबल्या की दोघंही श्वास रोखायचे. जो आधी सोडेल तो हरला. धाकटी दर वेळी हरायची, कारण तिला हसू यायचं. मग दादा तिला समजावून सांगायचा की हे गाणं हसण्याचं नाही. कुठलं गाणं कशाचं आहे हे ठरवण्याचं काम तेव्हापासून दादाकडे होतं, आणि ते कुणी काढून घेतलं नव्हतं.

पुढे चाहत्यांचा ग्रुप झाला, तिथे तो गुरुजी झाला. ग्रुपची एक रीत होती. बाईसाहेबांचं नवं काही आलं की सगळ्यांनी ऐकायचं आणि गप्प बसायचं. पहिला अभिप्राय गुरुजींचा. तो आला की मग बाकीच्यांनी आपापल्या शब्दांत तोच द्यायचा. ही रीत कुणी घालून दिली होती हे कुणाला आठवत नव्हतं. दादाला आठवत होतं, पण तो सांगत नसे.

पोटापाण्यासाठी तो हॉस्पिटलात टायपिंग करायचा. डॉक्टर लोक पेशंट तपासून झाला की रिपोर्ट यंत्रात बोलून ठेवत, आणि दादा तळघरातल्या खोलीत कानाला भलेमोठे हेडफोन लावून ते ऐकून टाइप करी. टेबलाखाली पायाशी एक पेडल होतं. एकदा दाबलं की आवाज थांबे, पुन्हा दाबलं की पुढे सरके. इतकी वर्षं हे केल्यावर त्याचा उजवा पाय स्वतःच्या मनाने वागू लागला होता. घरी जेवताना बायको एखादी लांबलचक हकिकत सांगू लागली की टेबलाखाली तो पाय जमिनीवर दाबला जाई. बायकोच्या हे केव्हाच लक्षात आलं होतं. त्याचा पाय दाबून झाला की ती मुद्दाम पहिल्यापासून सुरू करायची.

डॉक्टरांत सगळ्यात संथ हाडांच्या डॉक्टरीणबाई. त्यांच्या ‘उजव्या’ आणि ‘गुडघ्याच्या’ या दोन शब्दांमधल्या वेळात माणूस चहा पिऊन कप विसळून येईल. त्यांच्याचसाठी दादाने कॉम्प्युटरवरचा प्रोग्राम दीडपट वेगावर लावून ठेवला होता. प्रोग्राम गुणी होता. वेग वाढवला तरी आवाज चिरका होत नसे, आणि मधल्या मोकळ्या जागा तो आपण होऊन गाळून टाकी. ही सोय करून घेतल्याला बराच काळ लोटला होता, आणि रोज जेवणाऱ्या माणसाला जीभ आहे हे जसं वेगळं आठवत नाही, तसं दादाचं त्या दीडपटीबाबत झालं होतं.

अल्बम आला तो भर कामाच्या दिवशी, आधी काही न कळवता. घरी पोचेपर्यंत थांबावं इतका धीर दादाला नव्हता, आणि फोनच्या चिमुकल्या स्पीकरवर बाईसाहेबांना ऐकणं म्हणजे त्यांना पाहुणी म्हणून बोलावून पायपुसण्यावर बसवणं. तेव्हा जेवणाच्या सुट्टीत त्याने डबा बाजूला सारला, सगळी गाणी कामाच्या कॉम्प्युटरवर घेतली, हेडफोन चढवले आणि डोळे मिटले.

सुट्टी संपायच्या आत अल्बम संपलासुद्धा. यातही त्याला अपमानच दिसला.

हेडफोन काढून फोन पाहिला तर ग्रुपवर एक ओळ येऊन पडली होती. रीत मोडून. धाकटीची. ‘मला आवडला. स्वयंपाकघरात नाचले.’

धाकटीचा नवरा जाऊन दोन वर्षं होत आली होती. ती घरी पडदे शिवायची, आणि पूर्वी तिच्या शिलाई मशीनच्या जोडीला दिवसभर काही ना काही गाणं असायचं. या दोन वर्षांत नुसतं मशीन. दादाची बायको अधूनमधून म्हणायची, त्या घरात गेलं की घड्याळ ऐकू येतं. म्हणजे धाकटी नाचली ही बातमी खरं तर अल्बमपेक्षा मोठी होती. दादाला ते समजलंही असतं. पण त्या घटकेला त्याला इतकंच समजलं की आपल्या आधी कुणीतरी बोललं.

त्याने अभिप्राय लिहिला. चांगला झाला. निदान त्याला तरी तसं वाटलं, आणि म्हणूनच त्यातली वाक्यं पुढे त्याला झोपेतही आठवत राहिली. ‘बाईसाहेब धावत आहेत. मागे कोण लागलं आहे ते कळत नाही.’ मग, ‘ज्या गळ्याने आम्हाला थांबायला शिकवलं, तो आता बस चुकेल या धास्तीने गातो आहे.’ आणि शेवटी, ‘या अल्बममध्ये सगळं आहे, फक्त श्वास नाही.’

ग्रुपवर वाहवा झाली. ज्यांनी सकाळी आनंदाने ऐकला होता त्यांना दुपारी तो धावताना दिसू लागला. फक्त बेकरीवाल्याने चाचरत विचारलं की, पण गुरुजी, धाकट्या ताईंना नाचावंसं वाटलं ना? हा बेकरीवाला मोठा उत्साही. अल्बमच्या आनंदात त्याने रविवारसाठी शाळेचा व्यायामाचा हॉल सांगून ठेवला होता, सगळ्यांनी मिळून नाचायला. दादाने त्याला उत्तर दिलं: ‘मिक्सर लावला तरी काही लोक नाचतात. म्हणून त्याचं संगीत होत नाही.’

हसऱ्या चेहऱ्यांची रांगच्या रांग आली. सगळ्यात शेवटी एक हसरा चेहरा धाकटीचाही आला. दादाला वाटलं, चला, पटलं तिला.

रविवारचा नाच रद्द झाला आणि त्याच हॉलमध्ये चर्चा ठरली. विषय, ‘कलावंताने कुठे थांबावं’. प्रमुख वक्ते गुरुजी.

पुढे जे झालं ते झालं नसतं तर दादाची लाज माफक राहिली असती. त्या आठवड्यात चष्म्याचा स्क्रू घट्ट करून घ्यायला तो चष्म्याच्या दुकानात गेला. दुकानदार आत चिमटा शोधत होता आणि भिंतीवरच्या स्पीकरवर गाणं लागलं होतं. चष्मा नसल्यामुळे दादाला समोरचं धड दिसत नव्हतं. ऐकू मात्र लख्ख येत होतं. त्याच अल्बममधलं पहिलं गाणं. तेच शब्द, तोच ठेका, पण ऐटीत, कमरेवर हात ठेवून चालल्यासारखं. आणि शेवटच्या ओळीच्या आधी बाईसाहेब थांबल्या. ठेकासुद्धा थांबला. दादाचा श्वास आपोआप रोखला गेला. दुकानदार चिमटा घेऊन आला आणि त्याने विचारलं, बरं वाटत नाही का तुम्हाला?

आता इथे साध्या माणसाच्या मनात साधी शंका आली असती. दादा साधा माणूस नव्हता, तो गुरुजी होता. त्याच्या मनात एकच खुलासा आला, आणि तो त्याने दुकानाच्या पायरीवरूनच ग्रुपवर टाकला: ‘बाईसाहेबांनी अल्बम धिम्या लयीत नव्याने गायला आहे. आपलं म्हणणं पोचलं. मोठा कलावंत टीका ऐकतो, हे त्यांनी दाखवून दिलं.’

ग्रुप हरखून गेला. आपल्या गुरुजींचा शब्द थेट बाईसाहेबांपर्यंत! बेकरीवाल्याने रविवारी केक आणायचं जाहीर केलं. दोघातिघांनी धिमी आवृत्ती शोधली, त्यांना सापडेना. त्यांनी ती सापडल्याचं सांगून टाकलं, शिवाय पहिलीपेक्षा कितीतरी सरस असल्याचंही.

बायकोने मात्र भाजी चिरता चिरता विचारलं, “अहो, चार दिवसांत अख्खा अल्बम परत गायला? आपल्या नळाला वॉशर बसायला महिना लागला.”

दादाने तिला सांगितलं की कलेचं आणि नळाचं वेगळं असतं. आणि टेबलाखाली पाय दाबला.

शुक्रवारी डॉक्टरीणबाई स्वतः तळघरात उतरल्या. एका रिपोर्टमध्ये डाव्या खांद्याचा उजवा झाला होता आणि चूक कुणाची हे त्यांना, त्यांच्या संथ पद्धतीने, पाहायचं होतं. दादाने हेडफोनची वायर काढली आणि त्यांचं बोलणं स्पीकरवर लावलं. डॉक्टरीणबाई ऐकत राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू आश्चर्य उमटलं. त्यांच्या चेहऱ्यावर सगळंच हळूहळू उमटे.

“मी... इतकी भरभर बोलते?”

दादाला हा प्रश्न फार आवडला. प्रोग्रामचं कौतुक करायची संधी त्याला सहसा मिळत नसे.

“नाही मॅडम, हे आम्ही दीडपट केलंय. आवाज बिलकुल बदलत नाही बघा, कुणाला पत्ता लागणार नाही. आणि तुम्ही जिथे थांबता ना, ते सगळं हा गाळतो. एकदा लावून ठेवलं की बघायला नको. या मशीनवर काहीही लावा, ते आपोआप...”

आणि तो थांबला.

डॉक्टरीणबाई पुढच्या शब्दाची वाट पाहत उभ्या राहिल्या. वाट पाहणं त्यांच्या अंगवळणी होतं. पण पुढचा शब्द आलाच नाही. शेवटी त्यांनी दादाच्या खांद्यावर हात ठेवून खुर्चीत बसायला सांगितलं, पाणी दिलं, आणि डावा खांदा आपणच उजवा म्हटला असेल, एवढं मनावर घेऊ नका, अशी समजूत घालून त्या जिना चढून गेल्या.

दादाने गाणं लावलं. वेग एकपट केला. गाळणी बंद केली. बाईसाहेब ऐटीत आल्या, थांबल्या, हसल्या. होय, त्या थांब्यात त्या चक्क हसल्या होत्या, अगदी बारीक, पलंगाखाली धाकटी हसायची तशा. प्रोग्रामने ते हसू शांतता समजून गाळून टाकलं होतं.

त्याचे कान तापले. तळघरात त्याच्याशिवाय कुणी नव्हतं, तरी त्याने मान खाली घातली. अभिप्रायातलं एकेक वाक्य आता स्वतःच्या पायाने चालत त्याच्यासमोर येऊन उभं राहू लागलं. धावत आहेत. मागे कोण लागलं आहे. मागे तोच लागला होता. आणि शेवटी त्या रांगेत मिक्सर आला, आणि मिक्सरच्या मागे धाकटीचा तो हसरा चेहरा, जो हसरा नव्हता हे कळायला कुठल्याही प्रोग्रामची गरज नव्हती.

घरी आल्यावर त्याने ग्रुपसाठी खुलासा लिहायला घेतला. ‘काही तांत्रिक कारणास्तव ऐकण्याच्या प्रक्रियेत फरक पडल्याचं निदर्शनास आलं असून’ इथपर्यंत लिहून तो बायकोला वाचून दाखवला. बायको म्हणाली, छान आहे, पाणी बंद राहणार असल्याची सूचना वाटते. मग तिने हात पुसले आणि ती साधेपणाने म्हणाली की ग्रुपचं राहू द्या, आधी तिच्याकडे जाऊन या.

शनिवार त्याने न जाण्यात घालवला. रविवारी दुपारी गेला.

धाकटीच्या खोलीभर राखाडी पडद्याचं कापड पसरलं होतं, कुठल्यातरी ऑफिसचं. मशीन चालू होतं. घड्याळ खरंच ऐकू येत होतं. दाराशी एक खोका होता, आणि त्यात पट्ट्याचे, चपट्या तळाचे नवे बूट, अजून कागदात गुंडाळलेले. दादाने ते पाहिले आणि कशासाठी आहेत ते विचारलं नाही.

तिने खुर्चीवरचं कापड उचलून त्याला जागा केली आणि तो काही बोलायच्या आत म्हणाली की संध्याकाळी मी येत नाही, कामं पडलीत. शिवाय तू म्हणालास ते बरोबरच आहे. परत ऐकला तर उथळच वाटला.

“परत ऐकलास?”

“नाही.”

मशीन पुढे चाललं. दादाने सांगायला सुरुवात केली. तांत्रिक कारण त्याच्या तोंडात आलं होतं, ते त्याने गिळलं. डॉक्टरीणबाई, दीडपट, गाळणी, चष्म्याचं दुकान, सगळं सांगितलं. धिमी आवृत्ती नाहीच, तीच खरी, हेही सांगितलं. मिक्सरचंही सांगितलं. सांगताना तो पडद्याच्या काठाकडे बघत होता. शिवण सरळ होती.

धाकटी हसेल असं त्याला वाटलं होतं. निदान तशी आशा होती, कारण ती हसली असती तर तो सुटला असता. तिने मशीन थांबवलं.

“म्हणजे तू ऐकलाच नव्हतास.”

“नाही.”

“मी ऐकला होता, दादा. सगळा. दोनदा. मला माहीत होतं मला आवडलाय.” तिने सुई वर केली, कापड सोडवलं. “यांच्यानंतर पहिल्यांदा काहीतरी आवडलं होतं. आणि तू दोन ओळी लिहिल्यास तर मी लगेच हसले. तुझ्याबरोबर. स्वतःवर. तुझं मशीन बिघडलं होतं रे. माझं काय बिघडलं होतं?”

त्याचा उजवा पाय जमिनीवर दाबला गेला. धाकटीने ते पाहिलं.

“आणि तो पाय माझ्यासमोर नको करूस. मी वहिनी नाहीये,” ती म्हणाली.

तो माफी मागायला लागला, तर तिने हाताने थांबवलं. माफी मला नको, म्हणाली, मला ती द्यावी लागेल आणि मग परत तूच बरा होशील. सगळ्यांसमोर मला हसलात, तर सगळ्यांसमोरच सांग. आणि लांब नको. मग उठली, खोका उचलला, आणि कागद फाडून बूट काढले.

व्यायामाच्या हॉलमध्ये खुर्च्यांच्या नीट रांगा लागल्या होत्या. समोर माइक. बाजूच्या टेबलावर केक, त्यावर क्रीमने ‘गुरुजी’ असं लिहिलेलं. शेवटचं अक्षर जागा न पुरल्यामुळे खाली घसरलेलं. दादाने तो केक पाहिला आणि त्याला वाटलं, आत्ता जर जमीन दुभंगली तर आपण तिला वाट बघायला लावणार नाही.

धाकटी शेवटच्या रांगेत बसली, बूट घालून.

माइक हातात घेतल्यावर दादाला कलावंत, काळ, टीका हे सगळे शब्द जवळ येऊन उभे राहिलेले जाणवले. कुणालाही घेतलं असतं तरी ते आले असते. त्याने खालमानेने सांगितलं की अल्बम मी चुकून दीडपट वेगाने ऐकला. धिमी आवृत्ती नाहीच, ती माझी कल्पना. माझ्या बहिणीने नीट ऐकला होता, आणि मी तिला मिक्सरवर नाचणारी म्हणालो. मला लाज वाटते.

मग शांतता. तिला गाळायची सोय नव्हती. ती पुरी संपेपर्यंत दादाला तिच्यात उभं राहावं लागलं.

“पण गुरुजी,” बेकरीवाला बिचारा अजून सावरत होता, “धिमी आवृत्ती तर आम्हाला सापडली होती...” आणि बोलता बोलता त्याचं त्यालाच कळलं. तो केकच्या दिशेने वळला आणि लागलीच सुरी शोधू लागला. आधी कुणीतरी एक हसलं. मग सगळा हॉल हसला. त्यात दादाला हसणारे होते आणि स्वतःला हसणारे होते, आणि कोण कुठल्या गटात ते नुसतं ऐकून सांगता येत नव्हतं. दादाने सांगायचा प्रयत्नही केला नाही.

गाणं कुणी लावलं ते त्याने पाहिलं नाही. खुर्च्या खरडत भिंतीकडे गेल्या. लोक लाजत लाजत उभे राहिले, कारण सकाळी आवडलेला, दुपारी नावडलेला आणि आता पुन्हा आवडू लागलेला अल्बम कुठल्या चेहऱ्याने नाचायचा हे कुणालाच ठाऊक नव्हतं. धाकटीला ती अडचण नव्हती. ती मधोमध जाऊन नाचू लागली. चांगली नाचत नव्हती. खांदे एका ठेक्यात, पाय दुसऱ्याच.

दादा खुर्च्या एकावर एक रचू लागला. भिंतीकडे तोंड करून करता येईल असं तेच एक काम होतं. चौथी खुर्ची उचलली तेव्हा धाकटी धापा टाकत मागे येऊन उभी राहिली.

“खुर्च्या राहू दे. चल.”

“मला नाचता येत नाही गं.”

“ते मी ठरवेन,” ती म्हणाली.

तो खुर्ची हातात धरूनच वळला. सगळे बघत होते, किंवा कुणीच बघत नव्हतं. दोन्ही सारखंच जाळत होतं. गाणं शेवटच्या ओळीशी आलं. बाईसाहेब थांबल्या. त्याने श्वास रोखला, तिनेही रोखला, आणि या वेळी ती हसली नाही. त्याच्याकडे बघत राहिली, तो किती वेळ धरतो ते.

दादाचा उजवा पाय जमिनीवर जोरात दाबला गेला.

बाईसाहेब पुढे गाऊ लागल्या.